भुऱ्या कुठी झोपते

"हा करा. तोंड उघडा म्हणते ना मी, हा करा."

अनुसयानं रामाजीले मोरीच्या भिंतीले टेकवून धरलं होतं अन् आपलं नाक त्याच्या तोंडापाशी नेलं होतं. रामाजीच्या तोंडात कडुलिंबाची काडी, हातात लोटा, आंगात नुसती बनियान. दिवस अजून पुरता निघाला नव्हता. एवढ्या थंडीत बायको तोंडापाशी आली तं माणसानं काय समजावं. त्यानं काडी गालात सरकवली अन् हा केला.

कडुलिंबाचा वास आला. दुसरं काहीच नाही.

यानं अनुसयाचा राग कमी व्हायले पाहिजे होता, पण तो वाढला. चोर सापडला नाही म्हणजे चोरी झाली नाही असं मानणारी बाई ती नव्हती.

"मंग मोहाचा वास कुठून येऊन राहिला?"

"कोणता मोहा वं?"

"नाटक संध्याकाळी करजा, दंडारीत. खळ्यात जाऊन वास घ्या. कालपासून येऊन राहिला. गोड, आंबट, सडल्यासारखा. पुंजण्यात कॅन लपवून ठेवली ना तुमी?"

रामाजीनं दारू सोडली त्याले लय साल झाले होते. पोरीच्या, प्रणालीच्या बारशाले तो पिऊन आला अन् सरळ पाळण्यावर जाऊन पडला. पोरगी वाचली, पाळणा मोडला. तेव्हापासून त्यानं थेंब घेतला नव्हता, अन् हे अनुसयाले चांगलं माहीत होतं. पण आज मंडई होती. दिवाळी झाली की मौद्याच्या आजूबाजूच्या एकेका गावात एकेक दिवस मंडई भरते. घरोघरी पाहुणे, शाळेसमोर जिलबीची अन् बांगड्यायची दुकानं, अन् दुपार कलली की दंडार, म्हणजे नाचगाण्याचं नाटक. या गावच्या दंडारीत रामाजी राणी होत असे. पन्नाशीचा माणूस, वर्षभर मिशी पोसते अन् मंडईच्या सकाळी कापते. दंडारीवाल्या पोट्ट्यायले दोन घोट लागतात, अन् राणीवर कोणी शंका घेत नाही, म्हणून माल राणीच्याच घरी ठेवला असन, असा अनुसयाचा हिशोब होता.

रामाजीनं चूळ भरली अन् म्हणाला, "तुले तं मागच्या उन्हाळ्यात वायर जळल्याचाही वास आलता."



ती गोष्ट अशी झाली होती, की भर दुपारी वायर जळल्याचा वास येते म्हणून अनुसयानं गल्लीतल्या सगळ्यायले मेन स्विच बंद कराले लावलं होतं. फ्रीज बंद, पंखे बंद, लहान पोट्टे रडून राहिले, अन् निघालं काय, तं शेजारच्या इंदूबाईच्या तव्यावर भाकर कोळसा होऊन राहिली होती. इंदूबाई तव्यासमोरच बसली होती. तिले वासच येत नाही, नाक नावालेच आहे. पण हसलं कोणाले सगळ्यायनं? अनुसयाले. तेव्हापासून इंदूबाई रस्त्यात भेटली की विचारते, अनुसया, आज काय जळून राहिलं वं? अन् अनुसयाच्या टाळूपर्यंत आग जाते.

तिनं रामाजीले सोडलं अन् पदर खोचून खळ्यात गेली.

खळं घराच्या मागंच होतं. त्याच्या मधोमध पुंजणं उभं होतं, गोल, भरीव, वर निमुळतं, एखाद्या देवळाच्या कळसासारखं. सालभराचा सगळा धान त्यात होता. नांगरणीपासून कापणीपर्यंत चिखलात घातलेले पाय, रोवणीत मोडलेली कंबर, सारं त्या एका ढिगात रचलेलं. खायचा तांदूळ त्यातूनच निघणार होता अन् कळमन्याच्या बाजारात जायचा मालही त्यातूनच. मंडई झाली की मशीन लावून चुरायचा, असं ठरलं होतं.

पुंजणं रचावं तं रामाजीनंच, असं गावात म्हणत. धानाचे भारे खालून लोक फेकत अन् तो वर उभा राहून झेलत जाये. लोंब्या आत, बुडखे बाहेर, एकावर एक दाबत, पायानं चेपत. वरून आभाळ फाटलं तरी रामाजीच्या पुंजण्यात थेंब जात नसे. यंदा तं आभाळ खरंच फाटलं होतं. कापलेल्या धानाच्या कडपा शेतात पडल्या होत्या अन् त्याच्यावर अवकाळी पाणी आलं. दोन दिवस ऊन द्या लागत होतं. पण मंडई तोंडावर, मजूर सासुरवाडीले पळालेले, अन् ढग पुन्हा वर चढून राहिले. रामाजीनं एक भारा हातात घेतला, पिरगाळल्यासारखा दाबला अन् म्हणाला, जमते. झालं, पुंजणं उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी इंदूबाईचंही त्यानंच रचून दिलं, धुऱ्यापलीकडं, मधल्या बांधाच्या त्या बाजूले. तिच्या घरी माणूस नाही. तिचा धानही तेवढाच ओला होता.

अनुसयानं पुंजण्याभोवती चक्कर मारली. कॅन नाही, बाटली नाही. वास मात्र होता, अन् सकाळच्या थंड हवेत जास्तच. बुडाशी भुऱ्या झोपला होता. भुऱ्या म्हणजे घरचा कुत्रा. थंडी पडली की हा चुलीच्या राखेत झोपते, रोज सकाळी तिले त्याले लाथेनं उठवा लागते, तेव्हा कुठी चूल पेटते. आज चूल पेटवताना लाथ माराची वेळच आली नव्हती, हे तिले आता आठवलं. त्यानं पुंजण्याच्या बुडाशी आंगापुरता खड्डा, खोडगा केला होता अन् शेपटीत नाक खुपसून असा पडला होता, जसा काही सासुरवाडीतला जवाई. बाजूले चार कोंबड्या.

"तुले राख काहून सोडा लागली बे?" तिनं विचारलं. भुऱ्यानं एक डोळा उघडला अन् पुन्हा मिटला.

तिनं तणशीच्या जुन्या ढिगावर हात फिरवला. हात दवानं ओला झाला. कुंपणाच्या पानापानावर दव होतं, गोठ्याच्या टिनावरून टपटप पाणी गळून राहिलं होतं. मंग ती शिडीवर दोन पायऱ्या चढली अन् पुंजण्याच्या खांद्यावर हात फिरवला. कोरडा. मोहाचा विचार तिच्या डोक्शातून तिथंच गळून पडला. त्याच्या जागी जो आला तो मोहापेक्षा वाईट होता, म्हणून तिनं त्याले बसाले जागाच दिली नाही. धुऱ्यापलीकडं इंदूबाईचं खळं धुक्यात दिसतही नव्हतं. लांब मौद्याच्या विजेच्या प्लांटची चिमणी तेवढी धुक्याच्या वर निघाली होती, अन् तिचा धूर सरळ वर जाऊन राहिला होता.

घरातून प्रणालीनं हाक मारली, मामा आले म्हणून. अनुसया शिडीवरून उतरली.

मंडईच्या दिवशी घरातल्या बाईले श्वास घ्याले वेळ नसते. अनुसयाचा भाऊ नत्थूजी बायकोले घेऊन आला होता. बायको पाय धुऊन सरळ बांगड्यायच्या दुकानाकडं गेली अन् नत्थूजी सरळ खाटेवर बसला. नवीन धोतर, नवीन करकर वाजणारे जोडे, अन् हातावर तंबाखू-सुपारीचा खर्रा. त्यानं खाटेवरूनच साऱ्या घराची खबर घेतली. म्हैस काहून बारीक झाली, पोरीले पाहुणे पाहाले येतात की नाही, टीव्ही किती इंचाचा आहे. अनुसया उत्तर देत जाये अन् पातोड्या थापत जाये. डाळ वाटली होती, वड्याचं पीठ भिजलं होतं, तेल तापून राहिलं होतं. रामाजी मिशी काढून बाहेर आला तेव्हा नत्थूजी एवढा हसला की खर्रा नाकात गेला.

दुपारी जेवणं उरकली तसा रामाजी दंडारीच्या घाईत आला. राणीचं लुगडं दरवर्षी अनुसयाचंच असते, हिरवं, जरीच्या काठाचं. तेच ती मंडईले नेसे, अन् तेच रामाजीले पाहिजे. सात फेऱ्या घेतलेल्या बाईनं हेही सोसावं. यंदा तिनं ते काल दिवस मावळताना धुतलं होतं, पाहुण्यायच्या गडबडीत आठवणच उशिरा झाली. पुंजण्याले टेकवलेल्या बांबूवर टाकून दिलं होतं.

प्रणाली लुगडं आणाले निघाली तं अनुसयानं सांगतलं, ओलंच असन वं, काल रात्रीच्या दवात काय वाळते, इस्त्री फिरव.

प्रणाली लुगडं घेऊन आली. "कोरडं आहे आई. गरम आहे."

अनुसयानं लुगडं हातात घेतलं. ते कोणाच्या तरी आंगाखालून काढल्यासारखं कोमट होतं. प्रणालीनं ते ओढून घेतलं, बापाले उभं केलं, अन् निऱ्या घालाले लागली. रामाजी हात वर करून उभा, पोट आत ओढून. प्रणाली त्याले म्हणे, बाबा श्वास सोडजो नोको, गाठ सुटन. नत्थूजी खाटेवरून म्हणे, भाऊजी, तुमाले पाहून माह्या मनात वाईट विचार येऊन राहिले. रामाजीनं त्याले डोळा मारला अन् पदर सांभाळत शाळेकडं निघून गेला. तिथल्या वऱ्हांड्यात रंग लावणारे बसले होते.

अनुसया चुलीपाशी येऊन बसली. वडे तेलात सोडले. अन् मंग एकेक गोष्ट तिच्या डोक्शात येऊन बसाले लागली, आपल्याआप. भुऱ्यानं राख सोडली. कोंबड्यायनं खुराडं सोडलं. साऱ्या गावावर दव पडलं, पुंजण्यावर नाही. लुगडं रात्रीतून वाळलं. अन् तो वास. मोहाचा नाही. ओला जीव कोंडून ठेवला की येते तो.

तिनं झारा तेलातच सोडला अन् उठली.

पण उठली अन् उभीच राहिली. वायरची गोष्ट आठवली. आज गल्ली नाही, सगळी मंडई होती. पाहुणे, पाहुण्यायचे पाहुणे. आज बोंब मारली अन् निघाली भाकर, तं इंदूबाई मरेपर्यंत विचारन. अन् रामाजीचं काय. साऱ्या गावचे पुंजणे रचणारा माणूस, त्याचं स्वतःचं पुंजणं बायकोनं मंडईच्या दिवशी फोडलं, हे त्याले कोणी विसरू देणार नाही. म्हणून तिनं ठरवलं, आधी पाहू, मंग बोंबलू. कोपऱ्यातली लांब लोखंडी सब्बल उचलली.

नत्थूजी मागं मागं आला. सब्बल पाहून त्याले वाटलं बाईनं नवऱ्याचं काही मनावर घेतलं. अनुसयानं सब्बल दोन्ही हातांनी धरली अन् पुंजण्याच्या पोटात खुपसली. लोखंड भाऱ्यायमधून करकर करत गेलं. अर्धी गेली. तिनं छाती लावून आणखी ढकलली.

"बाई, मंडईच्या दिवशी कोणी पुंजण्यात सब्बल घालते का?"

"मी घालते. तू खर्रा खा."

ती परत चुलीवर आली. वडे काळे झाले होते. ते काढले, दुसरा घाणा टाकला, तो तांबूस होईपर्यंत बसून राहिली. एवढ्या बेचैनीत वडे कोणी तळले नसतील. घाणा निघाला तशी खळ्यात गेली अन् सब्बल ओढून काढली. टोकाकडचा भाग हातात घेतला अन् लगेच सोडला. तळहात चटकला होता. तिनं फुंकर मारली. वाफेचा एक बारीक धागा त्या भोकातून निघाला, इतका बारीक की सुईत ओवता आला असता.

"हे धर," तिनं नत्थूजीले म्हटलं.

नत्थूजीनं हसत हसत सब्बल धरली. दुसऱ्या क्षणी ती त्याच्या नव्या जोड्यावर पडली. मंग तो हसला नाही.

अनुसयानं भारा ओढाले हात घातला, पण नत्थूजीनं तिचं मनगट धरलं. ज्यानं पुंजणं रचलं त्यानंच पहिला भारा काढायचा, हे या भागात लहान पोट्ट्यालेही माहीत असते. अन् ते नुसतं देवाधर्माचं नाही. शेवटचा भारा कुठी अडकवला, कोणत्या भाऱ्यावर सगळ्यायचं वजन आहे, हे रचणाऱ्याच्याच हाताले माहीत. दुसऱ्यानं चुकीचा ओढला की सारा डोंगर आंगावर. नत्थूजीच्या गावात एक जण असाच दबला होता, पाय मोडून वाचला.

"मंग राणीले आणते," अनुसया म्हणाली अन् पदर कमरेत खोचून शाळेकडं पळाली.

मंडई आता भरली होती. फुगे, पिपाण्या, जिलबीचा धूर, भज्यायचा वास, बायायची गर्दी. पंचेचाळीस वर्षांची बाई अशी पळताना पाहून लोक बाजूले होत. बांगड्यायच्या दुकानावर इंदूबाई हात पुढं करून बसली होती, काचेच्या बांगड्या भरून घेऊन राहिली होती. तिनं अनुसयाले पाहिलं अन् तिचा चेहरा उजळला.

"अनुसया, आज काय जळून राहिलं वं?"

पहिल्यांदाच अनुसया तिच्याकडं न पाहता पुढं पळाली. टाळूपर्यंत आग गेली नाही. इंदूबाईले हे एवढं नवं वाटलं, की ती अर्ध्या भरलेल्या बांगड्या घेऊन मागं निघाली.

जिलबीच्या दुकानापाशी अनुसया थबकली. समोरून राणी पळत येऊन राहिली होती. लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलेलं, खाली केसाळ पिंढऱ्या, एक गाल गुलाबी अन् दुसरा काळा, डोक्शावर गंगावन लोंबलेलं. तिच्या मागं ढोलकीवाला ऋषिकेश, गळ्यात ढोलकी तशीच. पोट्टे टाळ्या वाजवाले लागले, त्यायले वाटलं दंडार सुरू झाली.

दोघंही एकदमच बोलले. पुंजणं.



झालं होतं असं. वऱ्हांड्यात रंग लावून घेताना ऋषिकेशनं नाक उडवलं अन् विचारलं, काका, टाकून आले काय? रामाजी भडकला. म्हणे सकाळी बायकोनं हुंगलं, आता तूही हुंग. त्यानं हा केला. ऋषिकेशनं हुंगलं, राजानं हुंगलं, प्रधानानं हुंगलं. कडुलिंब. मंग ऋषिकेशनं पदर नाकाले लावला अन् म्हणाला, काका, तुमी नाही, लुगडं पिऊन आलं. रामाजी हसाले गेला अन् त्यानं स्वतः पदर हुंगला. अन् हसू अर्ध्यावर राहिलं. तो वास त्याच्या बापानं त्याले लहानपणी एकदा दाखवला होता, दुसऱ्याच्या खळ्यात, ओल्या धानानं आतून पेटलेल्या पुंजण्याच्या काळ्या राखेपाशी उभं करून.

पळता पळता अनुसयानं विचारलं, "भारा दाबला तेव्हा ओला आहे हे हाताले समजलं नव्हतं?"

"समजलं होतं," राणी म्हणाली. "जीभ जमते म्हणाली."

खळ्यात आल्यावर रामाजीनं नारळ-अगरबत्ती काही मागितलं नाही. पुंजण्याले कपाळ टेकवलं, लुगड्याचा काचा मारला अन् शिडी चढला. वर पोचल्यावर त्यानं डोळे मिटून शेवटच्या भाऱ्यासाठी हात फिरवला, जसं अंधारात घरातली कडी शोधावी. सापडला. त्यानं तो भारा ओढला, मंग त्याच्या खालचा, मंग तिसरा, अन् पुंजण्यानं तोंड उघडलं.

भस्सकन वाफ वर आली. रामाजी त्यात दिसेनासा झाला. खाली उभे असलेले चार पावलं मागं सरकले. वाफ एवढी पांढरी अन् एवढी जाड होती, की मौद्याच्या चिमणीनं आपलं एक पोट्टं इथं ठेवलं काय, असं वाटावं. वरून रामाजी खोकलत ओरडला, लवकर, लवकर, आता हवा लागली, कधीही पेटन, आता वेळ नाही.

त्याचं म्हणणं कोणाले समजवून सांगा लागलं नाही. नत्थूजीनं नवे जोडे काढून फेकले अन् शिडी चढला. मागून राजा आला, त्याच्या मागं प्रधान, त्याच्या मागं शेपूट लावलेला विदूषक. वरून भारे पडाले लागले. खाली माणसं झेलत, पाठीमागं देत, त्यायच्या मागं बाया घेत अन् बाजूच्या कापलेल्या बांधीत, शेताच्या तुकड्यात, नेऊन सोडत, पेंढा उलगडून उन्हात पसरवत. गरम भारा हातात टिकत नसे. झेलला की दुसऱ्याले द्या लागे. कोणी म्हणे बाप्पा, हा तं भट्टीतला पाव आहे. कुसं मानेत गेली, पाठीत गेली, जरीच्या कपड्यात गेली. राजा आपला मुकुट काढून बगलेत खाजवून राहिला होता. घामानं साऱ्यायचे रंग उतरले. कोण राजा, कोण शिपाई, काही समजत नव्हतं.

ऋषिकेशच्या गळ्यात ढोलकी होती. ती काढून ठेवाले त्याले जागा सापडेना, तं त्यानं वाजवाले सुरवात केली. आधी हळू. मंग लोकायचे हात त्या ठेक्यावर पडाले लागले. भारा घे, भारा दे. भारा घे, भारा दे. प्रणाली अन् तिच्या मैत्रिणी भारे पसरता पसरता फेर धराले लागल्या. मंडईतले लोक दंडार कुठी गेली म्हणून शोधत आले अन् खळ्यात सापडली म्हणून तिथंच थांबले. ज्याले थांबा वाटलं नाही त्यालेही कोणीतरी एक भारा हातात दिला. जिलबीवाल्यानं पाहिलं गिऱ्हाईक सारं इकडं गेलं, तं त्यानं आपली गाडी ढकलत आणून कुंपणापाशी लावली.

पुंजण्याच्या पोटात पोचले तेव्हा ऋषिकेशची ढोलकी थांबली. तिथले भारे तपकिरी झाले होते. एक-दोन तं पार काळे, हातात घेतले की चुरा. काही लोंब्यायले पांढरे कोंब फुटलेले. अनुसयानं वरच्या भाऱ्यातला एक दाणा दाताखाली धरला. कट्ट वाजला. बाजूचा घेतला, तोही वाजला. मधला घेतला. मऊ, पिवळा. तिनं थुंकला. मंग पुन्हा बाहेरचा घेतला, पुन्हा वाजला. ती असे दाणे फोडतच राहिली, एकामागून एक, जशा लहान पोरी चिंचोके फोडतात. मधलं गेलं होतं. चारी बाजूचं होतं. खायले होतं, कळमन्याले न्यायलेही होतं.

"वाचलं," ती म्हणाली. कोणाले असं नाही. तिच्या डोळ्यायले पाणी आलं तं तिनं कुसं गेलं म्हणून पुसलं.

आता धोका टळला होता, म्हणून लोकायच्या जिभा सुटल्या. एक म्हातारा म्हणे, रामाजी, तू पुंजणं नाही, चूल रचली, आता वर भाताचा गंज ठेव. दुसरा म्हणे, आपल्या घरी हिटर नाही, यंदा राणीसरकारायलेच सांगू. विदूषकानं रामाजीची नक्कल केली, एक भारा दाबला अन् मान हालवून म्हणाला, जमते. सारं खळं हसलं. रामाजी बांधीच्या कडेले बसला होता. काजळ हनुवटीपर्यंत उतरलं होतं, लुगड्याले काळे डाग. गावानं ज्या हातायचं कौतुक केलं, त्याच हातायवर आता लोक हसून राहिले होते. त्यानं आधी मान खाली घातली. मंग वर पाहिलं अन् म्हणाला, गोष्ट खरी आहे, पाणी आत जाऊ दिलं नाही तशी गरमीही बाहेर जाऊ दिली नाही, रचणाऱ्याची तारीफ करा. लोक पुन्हा हसले, पण या वेळी त्याच्या बाजूनं.

इंदूबाई दुपारपासून भारे पसरवत होती. तिच्या नव्या बांगड्यायपैकी अर्ध्या फुटल्या होत्या. ती जिलबीचा पुडा घेऊन अनुसयापाशी आली.

"आज खरंच जळून राहिलं होतं वं," ती म्हणाली. "मले तं आताही वास येत नाही."

अनुसयानं जिलबी घेतली. अर्धी मोडून तिच्याच तोंडात घातली.

दिवस खाली गेला. थंडी सुटली तसं पसरलेल्या धानावरून उब वर येऊन राहिली होती. प्रणालीनं खळ्यातच चटया टाकल्या. काळे वडे खाली अन् तांबूस वडे वर, असं टोपलं भरून आणलं, पातोडीची भाजी गंजासकट आणली. राजा, प्रधान, विदूषक, नत्थूजी, सगळे मांडी घालून बसले. नत्थूजी प्रत्येकाले सांगून राहिला होता की सब्बल सगळ्यात आधी त्यानंच धरली. शाळेसमोर लोक पुन्हा जमाले लागले होते, कोणी माईकवर राणीच्या नावानं हाक मारून राहिलं होतं. ऋषिकेश म्हणे, काका, दोन वडे खा अन् चला, रंग तिथंच लावू.

अनुसयानं रामाजीच्या ताटात भाजी वाढली. दुपारपासून त्यानं काही खाल्लं नव्हतं. त्यानं वडा मोडला, भाजीत बुडवला, तोंडापर्यंत नेला. अन् हात तिथंच थांबला. तो खळ्यात पाहून राहिला होता. जिथं पुंजणं होतं तिथं आता गोल काळी जमीन होती, अन् बुडाशी भुऱ्यानं केलेला खोडगा. रिकामा.

"भुऱ्या कुठी आहे?"

कोणाले वाटलं, राणीले कुत्र्याची काय पडली. कोंबड्या तं होत्या, सांडलेले दाणे टिपून राहिल्या होत्या. प्रणाली म्हणाली, एवढे वडे असताना भुऱ्या नाही, हे काही खरं नाही. पोट्ट्यायनं शीळ घातली. आला नाही. अनुसयानं चुलीकडं पाहिलं. राख थंड होती, तिथंही नव्हता.

रामाजी हळूच उठला. धुऱ्याकडं तोंड करून डोळे बारीक केले. अनुसयाही उठली, त्याच्या खांद्याशी येऊन उभी राहिली, अन् तो पाहात होता तिकडं पाहाले लागली.

धुऱ्यापलीकडं इंदूबाईचं पुंजणं उभं होतं. गोल, भरीव, वर निमुळतं. त्याच्या बुडाशी, शेपटीत नाक खुपसून, भुऱ्या झोपला होता.

इंदूबाई जिलबी खाऊन राहिली होती. तिले काही दिसलं नव्हतं.

माईकवर पुन्हा राणीच्या नावाची हाक आली. ऋषिकेशनं ढोलकीवर थाप मारली अन् काकाकडं पाहिलं. रामाजीनं वडा ताटात ठेवला, लुगड्याचा काचा पुन्हा आवळला, अन् भिंतीले टेकवलेली सब्बल खांद्यावर घेतली.

"तुमी जेवा," तो म्हणाला. "मले निघा लागते आता."